आशयसूत्र : शोधायचे की सापडू द्यायचे?

वाचकांचे प्रश्न

कथा या साहित्यप्रकाराविषयी आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे या वेळी एकाच शंकेभोवती फिरत असल्याने संपूर्ण सदर त्याच विषयाला दिले आहे. साधारण सारखे असलेले प्रश्न एकत्र केले आहेत, आणि एका उत्तरात आलेले उदाहरण पुढच्या उत्तरांतही वापरले आहे, म्हणून सदर क्रमाने वाचावे ही विनंती.

प्रश्न : मी अनेक वर्षे कथा वाचतो. कथा आवडली की नाही हे मला लगेच कळते. परंतु आमच्या वाचनगटात चर्चा सुरू झाली की इतर सभासद त्याच कथेतून असे काही अर्थ काढतात की आपण भलतीच कथा वाचून आलो की काय, असे वाटू लागते. कथेचा खोल अर्थ नेमका कुठे असतो, आणि तो शोधण्याची काही पद्धत आहे का?

उत्तर : कथा आवडल्याचे आपल्याला लगेच कळते, त्याअर्थी तिचा बराचसा आशय आपल्यापर्यंत आधीच पोहोचलेला असतो. गटातील इतर मंडळी त्या पोहोचलेल्या गोष्टीला शब्द देतात, एवढाच फरक आहे, आणि ते सवयीने जमते. 'अर्थ काढणे' या शब्दप्रयोगामुळे मात्र असा समज होतो की लेखकाने कथेच्या तळघरात काहीतरी दडवून ठेवले असून हुशार वाचकाने कुलूप उघडून ते वर आणायचे आहे. या समजाचे मूळ बहुधा लहानपणी वाचलेल्या बोधकथांत असावे. त्यांच्या तळाशी 'तात्पर्य' म्हणून एक ओळ छापलेली असे, आणि ती एकदा समजली की वरचा कोल्हा, कावळा, सिंह यांचे काम संपत असे. ललित कथेत असे वेगळे काढून घेण्याजोगे काही नसते. तिच्यातला कोल्हा काढून घेतला, तर अर्थही त्याच्याबरोबर निघून जातो.

उदाहरणासाठी येथेच एक कथा रचू. एक निवृत्त मुद्रितशोधक, म्हणजे छपाईपूर्वी मजकुरातल्या चुका दुरुस्त करणारा माणूस, एकटा राहतो. दूर गेलेल्या मुलाचे पत्र आले की तो लाल शाईने त्यातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दुरुस्त करतो आणि आपल्या उत्तरासोबत ते पत्र मुलाला परत पाठवतो. मुलगा प्रत्येक पत्राच्या शेवटी 'आशिर्वाद असावा' असे लिहितो आणि बाप प्रत्येक वेळी त्यातला 'शि' दीर्घ करतो. हळूहळू पत्रे तोकडी होतात, त्यांच्यातले अंतर वाढत जाते. खूप महिन्यांनी चार ओळींचे एक पत्र येते. बाप लाल पेनाचे टोपण काढतो, पत्र वाचतो आणि टोपण पुन्हा लावतो. शेवटच्या ओळीतला 'आशिर्वाद' ऱ्हस्वच राहिला आहे. कथा येथे संपते.

या कथेचा विषय विचारला तर 'बापलेकांतला दुरावा' असे उत्तर येईल, आणि ते खरे असले तरी निरुपयोगी आहे, कारण असंख्य कथांचा विषय तोच असतो. तात्पर्य काढायचे म्हटले तर 'मुलांच्या चुका सारख्या दाखवू नयेत' असे एक सूचनावाक्य हाती लागेल. पालकसभेत ते शोभेल, कथेवर मात्र त्याने अन्यायच होईल. आशयसूत्र म्हणजे कथेतले प्रसंग, माणसे आणि वस्तू ज्या एका विचाराने किंवा प्रश्नाने आतून बांधल्या गेल्या आहेत तो धागा. येथे तो साधारण असा मांडता येईल : ज्या माणसाला जिव्हाळा दाखवण्यासाठी दुरुस्तीखेरीज दुसरी भाषाच येत नाही, त्याने ती भाषा टाकली तर त्याच्याजवळ काय उरते? न सुधारलेला तो शब्द म्हणजे क्षमा आहे, माघार आहे, की नुसता थकवा? कथा उत्तर देत नाही, पण हा प्रश्न याच माणसाच्या बाबतीत, याच पेनामुळे आणि याच शब्दामुळे उभा राहतो. आशयसूत्र शक्यतो एका शब्दात न सांगता पूर्ण वाक्यात किंवा प्रश्नात सांगावे, असा माझा आग्रह आहे. 'एकाकीपणा', 'प्रेम', 'मृत्यू' हे शब्द कोणत्याही कथेवर चिकटवता येतात, आणि ते चिकटवले की आपल्याला काहीतरी समजले असे उगीचच वाटू लागते.

आता पद्धतीविषयी. एखाद्या ग्रंथाचे तात्पर्य ठरवण्यासाठी आपल्याकडच्या शास्त्रपरंपरेने सहा खुणा सांगितल्या आहेत आणि त्यांना 'लिंगे' म्हटले आहे : उपक्रम-उपसंहार, अभ्यास, अपूर्वता, फल, अर्थवाद आणि उपपत्ती. ही लिंगे शास्त्रवचनांसाठी होती, कथांसाठी नव्हेत, आणि तेथे 'तात्पर्य' हा शब्दही बोधकथेतल्यापेक्षा कितीतरी व्यापक अर्थाने येतो. तरीही कथा वाचणाऱ्याने त्यांतली काही उसनी घ्यावीत अशीच आहेत. उपक्रम-उपसंहार म्हणजे आरंभ आणि शेवट. कथा वाचून झाली की शेवटच्या परिच्छेदावरून थेट पहिल्या परिच्छेदाकडे जावे आणि दोहोंच्या दरम्यान काय बदलले ते पाहावे. अभ्यास म्हणजे पुनरुक्ती. कथा हा काटकसरीचा प्रकार असल्यामुळे तीत एखादी वस्तू, हालचाल किंवा शब्द तीनदा आला, तर तो सहसा निष्काळजीपणे आलेला नसतो. आणि तीनदा तसाच येऊन चौथ्यांदा वेगळा आला, तर बोट तेथेच ठेवावे. आपल्या कथेतला 'आशिर्वाद' असा आहे. अपूर्वता म्हणजे याच विषयावरच्या इतर कथांत नसलेली आणि येथेच असलेली गोष्ट. हा बाप मुद्रितशोधक नसून निवृत्त कारकून असता, तर कथेतली सगळी हवाच निघून गेली असती, म्हणजे तिचा अर्थ त्या व्यवसायात गुंतलेला आहे. फल म्हणजे घडलेल्या गोष्टीचा परिणाम : कथेच्या आरंभी शक्य असलेली कोणती गोष्ट शेवटी अशक्य झाली, किंवा उलट? अर्थवाद म्हणजे स्तुती-निंदेची वाक्ये. कथेत ती बहुधा निवेदकाच्या तोंडी येतात आणि तेथे जरा सावध राहावे लागते, कारण निवेदक स्वतःचीच बाजू सावरत असण्याची शक्यता असते. उपपत्ती, म्हणजे युक्तिवाद, हा शास्त्रग्रंथाचा प्रांत आहे. कथेत तो फार दिसू लागला तर कथाच बिघडते.

यांत मी आपल्या अनुभवाने आणखी एका खुणेची भर घालीन, ती म्हणजे वेळेचा हिशेब. लेखकाने दहा वर्षे एका ओळीत उरकली आणि एका संध्याकाळीवर तीन पाने खर्च केली, तर त्या संध्याकाळीत काहीतरी आहे. शब्द जेथे सैल हाताने खर्च झाले आहेत, तेथे कथेचा जीव असतो. हे सगळे अर्थात दुसऱ्या वाचनासाठी आहे. पहिल्यांदा कथा हातात पेन्सिल न घेता, नेईल तिकडे जात वाचावी. पहिल्याच वाचनात आशयसूत्राच्या मागे लागणारा वाचक लग्नाला जाऊन हिशेबाची वही तपासत बसलेल्या पाहुण्यासारखा असतो.

प्रश्न : एका कथेचा मला जाणवलेला अर्थ आणि आमच्या शिक्षकांनी सांगितलेला अर्थ पूर्णपणे वेगळे होते. लेखकाच्या मनात लिहिताना हे सगळे खरोखर असते का? आणि नसेल, तर ज्याला जो वाटेल तो अर्थ बरोबर मानायचा का?

उत्तर : न सांगितलेला अर्थ वाचकाला कसा कळतो, हा प्रश्न फार जुना आहे. नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोक' या काव्यशास्त्रावरील ग्रंथात त्याचा विचार करताना महाराष्ट्री प्राकृतातली एक गाथा उदाहरणादाखल घेतली. तीत एक स्त्री एका धार्मिक गृहस्थाला म्हणते की आता खुशाल फिरा, ज्याला तुम्ही भीत होता तो कुत्रा गोदावरीकाठच्या झाडीत राहणाऱ्या माजलेल्या सिंहाने आज मारून टाकला. शब्द 'फिरा' असे सांगतात. ऐकणाऱ्याला मात्र 'फिरकू नका' असेच कळते, कारण कुत्र्याला भिणारा माणूस सिंहाच्या वाटेला कसा जाईल? आणि रसिकाला त्याच्याही पलीकडचे कळते, ते असे की ती झाडी हे त्या स्त्रीचे प्रियकराला भेटण्याचे ठिकाण असून हा फुले तोडणारा सज्जन तेथे तिला नको आहे. गाथेत नकार नाही आणि प्रियकरही नाही, तरी दोन्ही आहेत. उघड न सांगता अर्थ सुचवण्याच्या शब्दांच्या या शक्तीला आनंदवर्धनाने व्यंजना म्हटले. पुढे महिमभट्टाने 'व्यक्तिविवेक' लिहून आक्षेप घेतला की यासाठी वेगळी शक्ती मानण्याचे कारण नाही, हे साधे अनुमान आहे. त्यांचा वाद येथे सोडवायचा नाही, पण आपल्या प्रश्नापुरती एक गोष्ट त्यातून स्पष्ट होते : व्यंजना म्हणा वा अनुमान म्हणा, कुत्रा आणि सिंह मजकुरात आहेत म्हणूनच तो अर्थ उभा राहतो. आधार नसलेला अर्थ दोघांनाही मान्य झाला नसता.

लेखकाच्या मनात काय होते, हे आपल्याला सहसा कळत नाही, आणि कळले तरी प्रश्न मिटत नाही, कारण मनातली गोष्ट कागदावर उतरलेली नसू शकते आणि कागदावर उतरलेली गोष्ट लेखकाच्या लक्षातही आलेली नसू शकते. विम्सॅट आणि बिअर्डस्ली या दोन अमेरिकी अभ्यासकांनी १९४६ साली एका प्रसिद्ध लेखात असे मांडले की लेखकाचा हेतू हा साहित्यकृतीच्या मूल्यमापनाचा निकष होऊ शकत नाही. त्यांची भूमिका मला थोडी ताठर वाटते. लेखकाचा काळ, त्याची भाषा, त्याची इतर कथा यांचा वाचकाला उपयोग होतोच. पण 'लेखकाने असे म्हटले आहे' हा चर्चेतला शेवटचा शब्द मात्र नव्हे.

म्हणून 'ज्याला जो वाटेल तो' असेही म्हणता येत नाही. मुद्रितशोधकाच्या कथेचा शेवट कोणी क्षमेचा मानील, कोणी पराभवाचा. दोन्ही वाचने कथेत बसतात, आणि ती एकमेकांशी भांडत असतानाच कथा अधिक चांगली वाचली जाते. परंतु कोणी म्हणाले की पेनातली शाई संपली होती म्हणून शब्द तसाच राहिला, तर त्याला विचारावे लागेल की हे कुठे लिहिले आहे. बापाने टोपण काढले आणि लावले, पेन कागदाला टेकवलेच नाही. आपल्या आणि आपल्या शिक्षकांच्या अर्थांना हीच कसोटी लावून पाहा : कोणता अर्थ मानल्यावर कथेतले अधिक तपशील जागेवर बसतात, आणि कोणता मानल्यावर काही तपशिलांकडे डोळेझाक करावी लागते? शिक्षकांचा अर्थ हरला तर त्यांना ते नम्रपणे सांगावे. आपला हरला तर वहीत टिपून ठेवावा; दहा वर्षांनी तीच कथा वाचताना तो उपयोगी पडतो.

प्रश्न : पाऊस म्हणजे दुःख, खिडकी म्हणजे स्वातंत्र्य, आरसा म्हणजे स्वतःचा शोध, असे अर्थ समीक्षेत वाचायला मिळतात. कथेतली प्रत्येक वस्तू प्रतीक असते का?

उत्तर : नसते. बहुतेक वेळा खिडकी ही उजेडासाठी असते. वस्तू आधी वस्तू म्हणून खरी असावी लागते, मग कथेतल्या वापराने तिला जास्तीचे वजन येते. लाल पेन हे आधी त्या माणसाच्या धंद्याचे हत्यार आहे, आणि तसे ते पटते, म्हणूनच टोपण लावण्याच्या साध्या हालचालीला अर्थ येतो. कोशात पाहून अर्थ लावावा तशी प्रतीके वाचू नयेत.

प्रश्न : मी चार-पाच वर्षे कथा लिहितो आहे. लिहिण्यापूर्वी मी आशय ठरवतो, उदाहरणार्थ 'वृद्धांची होणारी उपेक्षा', आणि मग त्याला साजेशी पात्रे व प्रसंग योजतो. तरीही कथा 'साभार परत' येतात आणि संपादकांचा शेरा बहुधा 'बेतलेली वाटते' असा असतो. आशय नसलेली कथा लिहावी का?

उत्तर : आशय नसलेली कथा लिहिता येतच नाही, पण आपला क्रम उलटा करून पाहावा. आधी निष्कर्ष ठरला की पात्रांना साक्षीदारासारखे पढवून उभे करावे लागते. उपेक्षा करणारी सून मग सगळ्याच प्रसंगांत उपेक्षाच करते, म्हातारा प्रत्येक पानावर सोसतच राहतो, आणि वाचकाला दुसऱ्या पानावर शेवट दिसतो. रशियन कथाकार अन्तोन चेखव यांनी १८८८ साली आपले प्रकाशक-मित्र सुव्होरिन यांना लिहिलेल्या एका पत्रात या बाबतीत एक उपयुक्त भेद केला आहे : प्रश्न सोडवणे आणि प्रश्न नीट मांडणे या दोन वेगळ्या गोष्टी असून कलावंतावर फक्त दुसरीचे बंधन आहे. आपण प्रश्न सोडवून मग लिहायला बसता. बेतलेपणा तेथूनच येतो.

आशयाऐवजी एखाद्या अस्वस्थ करणाऱ्या तपशिलापासून सुरुवात करून पाहा. जे पाहिले, ऐकले आणि का कोण जाणे विसरता आले नाही, असे काहीतरी. मुद्रितशोधकाची कथा सुचली ती 'दुरावा' या विषयातून नव्हे, तर आलेल्या पत्रात लाल शाईने दुरुस्त्या करणारा एक माणूस डोळ्यांपुढे आला म्हणून. तो असे का करतो, हे रचताना मला ठाऊक नव्हते. ठाऊक नसल्यामुळेच पुढचे पत्र यावे लागले. पहिला खर्डा अशा कुतूहलावर लिहावा आणि त्यात आशयाची चिंता करू नये.

चिंता दुसऱ्या खर्ड्याच्या वेळी करावी, आणि तेव्हा ती मनापासून करावी, कारण आशयसूत्र बहुतेक लेखकांना तेथेच सापडते. खर्डा काही आठवडे बाजूला ठेवून, दुसऱ्याची कथा असल्यासारखा वाचावा. वर सांगितलेल्या खुणा येथे लेखकाच्याही कामी येतात. आपल्याही नकळत कोणता शब्द, कोणती वस्तू पुन्हा पुन्हा आली आहे? वेळ कोठे खर्च झाला आहे? शेवट आरंभाला काही उत्तर देतो की भलत्याच कथेचा शेवट येथे येऊन बसला आहे? धागा दिसला की तो ठळक करण्याचा मोह होतो, म्हणजे पात्राच्या तोंडी एखादे समजावणारे वाक्य घालावेसे वाटते. तो मोह आवरावा. दुसऱ्या खर्ड्यातले मुख्य काम काढून टाकण्याचे असते. समजा, आपल्या कथेच्या पहिल्या खर्ड्यात मुद्रितशोधकाला एक शेजारी होता, त्याच्या नोकरीची सहा वाक्ये होती आणि शेवटी 'आज प्रथमच त्याला चूक सुंदर वाटली' अशी एक ओळ होती. शेजारी जावा, नोकरी दोन वाक्यांत यावी, आणि ती शेवटची ओळ, जी लिहिताना लेखकाला सर्वांत आवडली असेल, ती आधी जावी. एखादी भर घालायची असलीच तर ती पुनरुक्तीची घालावी : मधल्या एका पत्रात बाप चूक सुधारताना क्षणभर थांबतो, एवढी नोंद शेवटाची जमीन तयार करते.

वृद्धांच्या उपेक्षेविषयी आपल्याला कळकळ आहे, ती सोडू नये. फक्त ज्याच्याविरुद्ध आपण लिहीत आहात, त्या सुनेला कथेतला एक तरी प्रसंग असा द्या की ज्यात तिचेच बरोबर आहे. तेथे लेखणी अडखळली, तर ती अडखळणे हीच कथेची खरी सुरुवात समजावी.

प्रश्न : माझी अडचण नेमकी उलट आहे. मी सगळे सूचक ठेवते, काहीच उघड सांगत नाही. वाचणारे म्हणतात, भाषा छान आहे, पण कळले काहीच नाही. सूचकतेची मर्यादा कोणती?

उत्तर : हिमनगाचा एकअष्टमांश भागच पाण्यावर असतो म्हणून त्याची चाल भारदस्त दिसते, हे अमेरिकी कथाकार अर्नेस्ट हेमिंग्वे यांचे १९३२ सालचे विधान सूचकतेच्या समर्थनार्थ नेहमी सांगितले जाते. त्याच ठिकाणी त्यांनी दिलेला इशारा मात्र फारसा कोणी सांगत नाही : लेखकाला जे पक्के ठाऊक आहे ते त्याने गाळले तर वाचकाला ते जाणवते, ठाऊक नाही म्हणून गाळले तर लेखनात नुसती पोकळी राहते. एक परीक्षा करून पाहा. कथेत जे सांगितलेले नाही ते वेगळ्या कागदावर सरळ, कोरड्या वाक्यांत लिहून काढा : कोण कोणाला सोडून गेले, केव्हा, का. लिहिता आले, तर गाळणे योग्य आहे आणि वाचकासाठी एखादी खूण वाढवली की काम होईल. लिहिता आले नाही, तर आपण सूचक नाही, संदिग्ध आहात.

आणखी एक भेद लक्षात ठेवावा. काय घडले, हे झाकून ठेवण्याने कथा खोल होत नाही, नुसती अवघड होते. पत्र कोणाचे, पेन कोणते, शब्द कोणता, हे वाचकाला स्वच्छ दिसले पाहिजे. घडलेले स्पष्ट असावे; त्याचा अर्थ काय, एवढेच मोकळे सोडावे. त्या गाथेतही कुत्रा, सिंह आणि झाडी यांविषयी काडीचाही संशय नाही.

प्रश्न : शीर्षकातून आशय सांगावा का?

उत्तर : सांगू नये, पण वाचकाची नजर कोठे वळवायची ते शीर्षकाने ठरवायला हरकत नाही. मुद्रितशोधकाच्या कथेला 'बापाचे काळीज' हे शीर्षक दिले तर वाचकाला करायला काही उरत नाही. 'दुरुस्ती' चालेल, 'लाल शाई' त्याहून बरे. सर्वांत नेमके शीर्षक 'आशिर्वाद' हेच, तेही ऱ्हस्व 'शि'सकट. मात्र हस्तलिखिताच्या समासात 'शीर्षकातील चूक हेतुपुरस्सर आहे, कृपया सुधारू नये' असे ठळक लिहून पाठवावे. नाहीतर छापण्यापूर्वी आमच्याकडचे कोणीतरी लाल पेनाचे टोपण काढील आणि तो शब्द शुद्ध करून टाकील.